गावातलं मेडिकल: खोका उतरल्यापासून गोळी घरी जाईपर्यंत

दहा गोळ्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या कापून द्यायच्या असतील तर कात्री कोणत्या बाजूने चालवायची? बहुतेक पट्ट्यांवर बॅच नंबर (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक), उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी आणि एमआरपी एकाच टोकाला छापलेली असते. घाईच्या वेळी हाताला येईल त्या बाजूने कात्री चालते, छापील तुकडा गिऱ्हाइकाच्या खिशात जातो आणि मागे उरतात आठ बिननावाच्या गोळ्या. त्या कोणत्या बॅचच्या, कधी बाद होणार, कोणत्या स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून आल्या, हे त्या दुकानात आता कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पट्टी नेहमी कोऱ्या बाजूने कापायची. छापील टोक शेवटच्या गिऱ्हाइकाला, शेवटच्या गोळ्यांसोबत. आधीच्यांना जो तुकडा जातो त्याच्या कागदी पाकिटावर औषधाचं नाव, ताकद, बॅच आणि एक्स्पायरी पेनाने लिहायची. गावात रोजंदारीवरचा माणूस पूर्ण पट्टी घेऊ शकत नाही, त्यात त्याची काही चूक नाही. दोन गोळ्या घेणाऱ्यालाही आपण काय खातोय हे पूर्ण पट्टी घेणाऱ्याइतकंच कळलं पाहिजे. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या रोजच्याच असतात, तिथे मात्र पूर्ण पट्टी घ्यायला समजावून सांगावं. सुट्या गोळ्यांत खाडे पडतात आणि खाड्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

ही कात्रीची गोष्ट आधी सांगितली, कारण गावातल्या मेडिकलची सगळी सुरक्षितता शेवटी बॅच नंबरपाशी येऊन थांबते. खोका दुकानात उतरला तिथपासून गोळी घरी गेली तिथपर्यंत त्या नंबराचा माग तुटता कामा नये.

परवान्याबद्दल थोडक्यात. किरकोळ विक्रीसाठी फॉर्म २० आणि २१ चे परवाने लागतात, जागा किमान १० चौरस मीटर, आणि दुकान उघडं असेल तेव्हा नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर. परवाने दर्शनी जागी लावायचे, दर ५ वर्षांनी शुल्क भरून ते चालू ठेवायचे, तपासणीची फॉर्म ३५ ची वही हाताशी ठेवायची. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावी, हा प्रकार ज्या दुकानात चालतो तिथे पुढचं काहीही वाचून उपयोग नाही. एक गोष्ट गावात नेहमी चुकीची सांगितली जाते: किराणा दुकानात औषध ठेवायला हरकत नाही. सवलत आहे, पण ती १,००० पेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावापुरती आणि पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, बाम, ग्राइप वॉटर, कापूस, बँडेज अशा घरगुती औषधांच्या ठरावीक यादीपुरती. तोही माल परवानाधारकाकडूनच घेतलेला आणि न फोडलेल्या मूळ पॅकमध्येच विकायचा. त्यात अँटिबायोटिक बसत नाही.

माल घेताना

तालुक्याच्या स्टॉकिस्टकडून माल त्याच्या गाडीतून येतो, मोटारसायकलवरून येतो, कधी एसटीच्या पार्सलने येतो. खोका फोडायच्या आधी बिल हातात घ्या. बिलावर स्टॉकिस्टचे परवाना क्रमांक आहेत का, प्रत्येक ओळीत बॅच आणि एक्स्पायरी आहे का हे बघा, मग एकेक पाकीट काढून बिलावरची बॅच आणि पाकिटावरची बॅच जुळवा. बाहेरच्या डबीवरची आणि आतल्या पट्टीवरची बॅचही एकदा जुळवून बघावी. सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते, गोदामात जुन्या बॅचचं बिल फाडून नव्या बॅचचा माल भरलेला असतो. पण दुरुस्त बिल त्याच दिवशी मागवा आणि ते येईपर्यंत तो माल फळीवर चढवू नका.

बिलाचा एवढा आग्रह का, ते कायद्यात आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १९ मध्ये विक्रेत्याला एक संरक्षण दिलेलं आहे. माल परवानाधारकाकडून घेतला, त्यात दोष आहे हे नेहमीची काळजी घेऊनही कळण्यासारखं नव्हतं, आणि माल घेतला त्याच अवस्थेत नीट साठवला, हे दाखवता आलं तर निकृष्ट औषधाचा ठपका दुकानदारावर येत नाही. हे दाखवायचं कशाने? बिलाने आणि साठवणुकीच्या नोंदीने. रोख पैसे देऊन, बिलाविना, चार टक्के स्वस्त घेतलेल्या मालाला हे संरक्षण मिळत नाही. खरेदी-विक्रीचे कागद औषध कायद्याने किमान २ वर्षं ठेवायचे असतात, पण जीएसटीसाठी त्याहून जास्त ठेवावेच लागतात, तेव्हा २ वर्षांनी रद्दीत घालायची घाई करू नये.

बनावट माल ही शहराची भानगड आहे असं समजू नका. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या गोळ्यांत औषधी घटकच नसल्याचं चाचणीत निघालं होतं. गोळी गोळीसारखीच दिसते. डोळ्यांना ते कळत नाही. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या, जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या मालावर क्यूआर कोड किंवा बारकोड असणं बंधनकारक आहे. तो मोबाइलवर स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक दिसायला हवा. महिन्यातून एकदा आपल्या दुकानात सर्वाधिक खपणारी दहा औषधं घेऊन हे करावं, दहा मिनिटांचं काम आहे.

पत्रा, ओल आणि कूलर

बहुतेक पट्ट्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि पत्र्याखालच्या दुकानात, सर्वांत वरच्या फळीवर, त्याहूनही जास्त होऊ शकतात. दुकानात तीन थर्मामीटर टांगून बघा: एक वरच्या फळीजवळ, एक काउंटरच्या उंचीवर, एक खाली. दुपारी तीनला आकडे वाचा. एकाच दुकानात किती फरक असतो ते पाहिलं की मांडणी आपोआप बदलते.

वरच्या फळीवर कापूस, बँडेज, डायपर, सिरिंज. गोळ्या मधल्या फळ्यांवर. बाटल्या खाली, म्हणजे एखादी गळली तरी खालच्या पाकिटांवर औषध ओघळत नाही. कोणताही खोका जमिनीवर थेट टेकवायचा नाही, लाकडी फळीवर ठेवायचा, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाळ्यात भिंतीची ओल पुठ्ठ्यात शिरते ती अशीच. पत्र्याला बाहेरून चुना मारला आणि आतून थर्माकोलचं किंवा बांबूच्या तट्ट्याचं छत केलं की बराच फरक पडतो. काचेच्या दर्शनी शोकेसमध्ये ऊन येत असेल तर तिथे रिकामी खोकी मांडा, औषधं नकोत.

कूलरबद्दल जरा सावध राहावं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत, खिडकी उघडी ठेवून चालवलेला कूलर दुकान खरोखर थंड करतो. पाऊस सुरू झाल्यावर तोच कूलर थंडावा देत नाही, नुसती दमट हवा फेकतो. हवा नरम झाली की कूलर बंद, पंखा आणि एक्झॉस्ट चालू. आणि कूलरचा झोत कधीही थेट फळ्यांवर नको.

ओलीच्या बाबतीत पट्टी कशाची आहे हेही बघावं लागतं. पुढून पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा आणि मागून अ‍ॅल्युमिनियम असलेल्या पट्टीत प्लास्टिकमधून हळूहळू दमटपणा आत जातो. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या पट्टीत तो जवळपास जात नाही. म्हणून कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या दुकानात सर्वांत कोरडी जागा पारदर्शक पट्ट्यांना द्यावी. खराबीची लक्षणं ओळखता येतात: ॲस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकच्या गोळीवर पिवळे-तपकिरी डाग, एकमेकांना चिकटलेल्या कॅप्सूल, ओआरएसच्या पुडीत गाठी, क्रीमच्या ट्यूबमधून आधी पाणी आणि मग मलम. यातलं एकही दिसलं तर एक्स्पायरी दोन वर्षं पुढची असली तरी तो माल बाजूला.

उंदीर मारायचं औषध, गोचिडाची पावडर, फवारणीची औषधं औषधांच्या फळीजवळ कधीच नकोत. कृषी सेवा केंद्र आणि मेडिकल एकाच घरात चालत असेल तर मध्ये पक्की भिंत आणि वेगळे दरवाजे हवेत.

फ्रिज

गावातल्या मेडिकलमधली सर्वांत मोठी पण न दिसणारी चूक फ्रिजमध्ये होते. इन्सुलिन, धनुर्वाताची आणि रेबीजची लस, काही डोळ्यांचे थेंब २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात. लोकांना भीती उन्हाची वाटते, आणि ती रास्तच आहे. पण माझ्या मते इन्सुलिन गोठून वाया जाण्याचा धोका दुकानदारांच्या लक्षात फारच कमी येतो. घरगुती एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे शून्याखाली जातो. मागच्या भिंतीला टेकलेलं पाकीटही गोठतं. गोठून पुन्हा वितळलेलं पारदर्शक इन्सुलिन दिसायला अगदी पहिल्यासारखंच असू शकतं. रुग्ण टोचत राहतो आणि साखर उतरत नाही. गढूळ, म्हणजे ३०/७० सारख्या मिश्र इन्सुलिनमध्ये गाठी दिसतात किंवा बाटलीच्या काचेला आतून हिमासारखा थर धरतो. गोठल्याची नुसती शंका असली तरी ते विकायचं नाही. धनुर्वाताची लसही गोठली की निकामी होते: हलवून ठेवली की पांढरे कण भराभर तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी राहतं.

औषधं मधल्या फळ्यांवर, जाळीच्या टोपलीत, मागच्या भिंतीपासून दोन बोटं लांब. दारात काही नको, दार उघडलं की तिथलं तापमान आधी चढतं. खालच्या भाजीच्या कप्प्यात आणि दारात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, त्यावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी चिकटवा. त्या बाटल्या लाइट गेल्यावर गारवा धरून ठेवतात. घरचं दूध, डबा, कोल्ड्रिंक या फ्रिजमध्ये अजिबात नको. त्यांच्यासाठी दिवसातून वीस वेळा दार उघडतं.

थर्मामीटर असा घ्या की ज्याची वायर आत आणि पडदा बाहेर असतो, आणि जो किमान-कमाल दोन्ही आकडे लक्षात ठेवतो. आतलं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या फळीवर ठेवा, म्हणजे दार उघडताक्षणी आकडा उड्या मारत नाही. सकाळी दुकान उघडल्यावर आणि रात्री बंद करताना आत्ताचा, किमान आणि कमाल असे तीन आकडे वहीत लिहा, मग थर्मामीटर रीसेट करा. रात्रभरात काय झालं ते सकाळच्या किमान-कमाल आकड्यांतूनच कळतं.

व्होल्टेज पडलं की कंप्रेसर घुरघुरतो पण चालू होत नाही, आणि आतला दिवा मात्र लागलेला असतो. दिवा बघून फ्रिज चालू आहे असं समजू नका, आकडा बघा. व्होल्टेज ढळत असेल तर स्टॅबिलायझर लागतोच. आपल्या फ्रिजची परीक्षा एकदा घेऊन ठेवा: औषधं दुसरीकडे सुरक्षित हलवा, भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांसह फ्रिज बंद करा, दार न उघडता किती वेळात आकडा ८ वर जातो ते मोजा. ही परीक्षा मे महिन्यात घ्या, जानेवारीतला आकडा फसवा असतो. आलेली वेळ फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. लाइट गेल्यावर तेवढ्या वेळाच्या आत माल थर्मासच्या डब्यात हलवायचा. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात घालू नका. ते बाहेर ठेवा, आत पाणी सुटून बर्फ हलल्याचा आवाज आला की वापरा, आणि पॅक व औषध यांच्यामध्ये पुठ्ठा घाला. स्टॉकिस्टकडून येणाऱ्या पार्सलमध्ये इन्सुलिनची डबी बर्फाला चिकटून आली असेल तर ती घेऊ नका.

इन्सुलिनबरोबर सिरिंज देताना

ही चूक जीव घेऊ शकते, म्हणून ती सावकाश सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि पेनमध्ये घालायची काट्रिज १०० युनिट प्रति मिलीची. सिरिंजही दोन प्रकारच्या: यू-४० ला लाल टोपण, यू-१०० ला नारिंगी. समजा डॉक्टरांनी २० युनिट सांगितले. पेन बिघडलं म्हणून काट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने कुणी २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. लाल सिरिंजवरची २० ची खूण म्हणजे अर्धा मिली. काट्रिजच्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. वीसच्या जागी पन्नास. रात्री साखर खाली येऊन माणूस झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. उलट, ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट.

म्हणून इन्सुलिन आणि सिरिंज दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवायचे, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा गिऱ्हाइकासमोर बोट ठेवून वाचायचा, मगच पिशवीत घालायचे. ‘लाल टोपणाची द्या’ एवढ्यावर कधीही देऊ नका, घरी काय आहे ते विचारा. फोडलेली बाटली ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालते, नेमके दिवस त्या कंपनीच्या कागदावर बघावेत. फोडल्याची तारीख डबीवर लिहून द्यावी. घरी फ्रिज नसेल तर मडक्यात मडकं, मध्ये ओली वाळू, वरून ओलं फडकं, सावलीत. कोरड्या हवेत याने चांगला गारवा येतो. बर्फात मात्र नको.

लहान मुलांचं औषध

पॅरासिटामॉलचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात. सिरप ५ मिलीत १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचं. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम लागतात: थेंब दीड मिली, १२५ चं सिरप ६ मिली, २५० चं सिरप ३ मिली. मागच्या वेळी ६ मिली सिरप दिलं होतं म्हणून आईने या वेळी थेंबांच्या बाटलीतून ६ मिली दिलं, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेलं. चौपट. बाटली देताना ‘किती मिली’ एवढंच सांगू नका. बाटलीबरोबरच्या मापावर किंवा सुई नसलेल्या सिरिंजवर त्या खुणेशी पेनाने रेघ ओढून द्या. घरातला चमचा माप म्हणून वापरू देऊ नये, प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो.

अँटिबायोटिकचं ड्राय सिरप दुकानातच कालवून द्यावं. आधी बाटली आपटून-हलवून पावडर मोकळी करा. पॅकमध्ये पाण्याची छोटी बाटली असेल तर तीच वापरा, नसेल तर उकळून गार केलेलं पाणी. खुणेच्या अर्ध्यापर्यंत घाला, जोरात हलवा, मग खुणेपर्यंत भरा, पुन्हा हलवा. फेस बसू द्या. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा राहिलेलं पाणी घाला. हा शेवटचा टप्पा गाळला की औषध तीव्र होतं. खुणेच्या वर पाणी गेलं की पातळ. कालवल्याची तारीख आणि किती दिवसांनी फेकायचं ते बाटलीवर लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. घरी फ्रिज नाही असं कळलं तर डॉक्टरांना फोन करून विरघळणाऱ्या गोळ्या चालतील का ते विचारा.

ओआरएस: मोठी पुडी २०.५ ग्रॅमची, ती पूर्ण एक लिटर पाण्यात. ४.२ ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी २०० मिलीत. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ते पाणी इतकं खारट होतं की जुलाब झालेल्या मुलाला ते आणखी सुकवतं. ‘निम्मी आत्ता, निम्मी नंतर’ हेही नको. पुडीतले घटक सारखे विभागले जातीलच असं नसतं. आणि खोक्यातलं तयार गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. शिल्लक माल असेल तर तो ओआरएस मागणाऱ्याच्या हातात देऊ नका. जुलाबाच्या मुलाला ओआरएसबरोबर झिंक १४ दिवस असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पुढे चालू ठेवायचं, हे काउंटरवरच सांगावं लागतं.

खोकल्याच्या सिरपचं मात्र निक्षून सांगतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच नेमला गेला. २०२५ मध्ये तेच विष मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांच्या सिरपात सापडलं, एका बॅचमध्ये ४८.६ टक्के, कितीतरी मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. ते विष मूत्रपिंड बंद पाडतं आणि चवीला गोडच लागतं, दुकानात ते ओळखायचा मार्ग नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच: २ वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप काउंटरवरून द्यायचं नाही आणि ५ वर्षांखालीही ते टाळायचं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखाली चालत नाही, तशी सूचना लेबलवर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ चा आहे. आणि दिलेल्या प्रत्येक बाटलीची बॅच बिलावर. सिरप घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली असं कुणी सांगत आलं तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

चिठ्ठी

लाल उभी रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय नाही. सेफिक्झिम, लेव्होफ्लोक्सासिन, क्षयाची औषधं, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम ही एच-१ या आणखी कडक यादीत आहेत; १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी वही ठेवायची असते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या. वही ३ वर्षं जपायची. क्षयाचं औषध दिलं की त्या रुग्णाची माहिती क्षयरोग कार्यालयाला कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे. चिठ्ठीतल्या औषधाऐवजी ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं, दुसरं औषध देता येत नाही, आधी डॉक्टरांना फोन करावा लागतो. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख. अक्षर लागत नसेल तर अंदाज नको. फॉलिट्रॅक्स आणि फॉलव्हाइट ही नावं घाईच्या अक्षरात सारखीच दिसतात. दुसरं फॉलिक ॲसिड, रोज घ्यायचं, आणि पहिलं मेथोट्रेक्सेट, संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायचं. ते रोज खाल्लं तर रक्तपेशी कोसळतात. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वार लिहा: ‘फक्त रविवारी’.

नायट्याला ‘ती ट्यूब द्या’ म्हणून जी मागणी येते, ती बहुधा स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाची असते. चार दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि कातडी पातळ होते. अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत. गुरांसाठी डायक्लोफेनॅक मागणारेही येतात. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण त्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मेली. माणसांचं इंजेक्शनही २०१५ पासून ३ मिलीच्या एका मात्रेतच येतं, ते याचसाठी. गाय पान्हा सोडत नाही म्हणून ऑक्सिटोसिन मागितलं तर सरळ नाही म्हणा आणि जनावरांच्या दवाखान्याकडे बोट दाखवा.

बाद झालेला माल आणि परत मागवलेली बॅच

एक्स्पायरी महिना आणि वर्षात लिहिलेली असते, ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरायची. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल काढून वेगळ्या फळीवर आणा. ज्याचा डोस त्या तारखेच्या पुढे जाईल त्याला तो देऊ नका: ३० दिवसांच्या गोळ्या आणि महिनाअखेरची एक्स्पायरी यांचा मेळ बसत नाही. बाद माल बंद खोक्यात, वर ठळक ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून, चालू मालापासून लांब. कायद्याने तसंच ठेवावं लागतं. तो खोका परसात जाळू नका, ओढ्यात टाकू नका. दम्याचे पंप आगीत फुटतात. यादी करून स्टॉकिस्टला परत, आणि परतीची पावती फाइलला.

सीडीएससीओ ही केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणित दर्जा नसलेल्या औषधांची बॅचसह यादी जाहीर करते. ती उतरवून घ्या आणि खरेदीच्या बिलांशी ताडून बघा. संगणक नसला तरी चालतं, बिलं तारखेवार लावलेली हवीत. बॅच सापडली तर विक्री लगेच थांबवायची, शिल्लक मोजून वेगळी बांधायची, स्टॉकिस्टला लेखी कळवायचं, आणि ज्यांना दिली त्यांना निरोप पाठवायचा. हे शेवटचं काम शहरात जवळपास अशक्य आहे. गावात ते एका संध्याकाळी होतं, कारण चिठ्ठीवरचं घर आपल्याला माहीत असतं. पण बिलावर नाव आणि बॅच लिहिलेली असेल तरच.

एखाद्या औषधाने पुरळ, चक्कर, सूज, असं काहीही झालं आणि रुग्ण उरलेलं औषध घेऊन आला तर ते टाकून देऊ नका. बाटली किंवा पट्टी आहे तशी पाकिटात बंद करा, वर तारीख, किती दिवस घेतलं, बरोबर दुसरं काय चालू होतं ते लिहा. दुष्परिणाम कळवायचा देशभराचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, दर्जाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. औषध निरीक्षक नमुना न्यायला आले तर ते फॉर्म १७ देतात आणि नमुन्याचे भाग करून सीलबंद करतात. त्यातला एक भाग दुकानदाराकडे राहतो. तो भाग सील न मोडता, लेबलवर लिहिलेल्या तापमानात, प्रकरण मिटेपर्यंत सांभाळायचा. फ्रिजचं औषध असेल तर फ्रिजमध्ये, मधल्या फळीवर.